न पोसणाऱ्या बापाचे ऋण

वाचकहो, आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, पण चारचौघांत तो मांडायला लोक कचरतात. लेकरे लहान असताना बाप घर सोडून गेला. त्याने पैसा पाठविला नाही, निरोप पाठविला नाही, आजारपणात विचारपूस केली नाही. आईने रोवणी केली, निंदण केले, दुसऱ्याच्या घरची भांडी घासली आणि लेकरे वाढविली. आज ती लेकरे वयात आली आहेत. त्यांनी त्या बापाकडून काय मागावे? आणि उद्या तोच बाप म्हातारा होऊन दारात उभा राहिला, तर त्यांनी त्याला काय द्यावे?

मौदा तालुक्यातल्या माणसाला हा प्रश्न फोड करून सांगावा लागत नाही. कन्हानच्या काठचा हा धानाचा मुलूख. रोवणी-कापणीचे दिवस सोडले तर शेतमजुराच्या हाताला बारमाही काम नसते. मौद्याला औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला, नागपूर-भंडारा रस्ता मोठा झाला, तरीही कामासाठी नागपूर, भिलाई, सुरत गाठणारे हात थांबलेले नाहीत. गेलेल्यांपैकी बहुतेक जण पैसे पाठवितात, सणाला परत येतात. काही मात्र परत येत नाहीत. त्यांचा तिकडे दुसरा संसार उभा राहतो आणि इकडे पहिल्या घरात हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाला दोन अंगे आहेत. एक कायद्याचे आणि दुसरे नीतीचे. आपण या दोहोंची गल्लत करतो आणि त्यातून नुकसान होते ते दुबळ्याचे. 'बापावर कोणी खटला भरतो काय?' असे म्हणून हक्क असलेल्या मुलीला गप्प बसविले जाते. 'शेवटी जन्मदाता आहे' असे म्हणून आईच्या कष्टाचा हिशेब पुसून टाकला जातो. म्हणून आधी कायदा पाहू आणि मग नीतीकडे वळू.

कायदा सज्ञान लेकराला काय देतो?

प्रथम एक कटू गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बापाने लेकराला पोसण्याची जबाबदारी कायद्याने मुख्यतः लेकरू अज्ञान असेपर्यंत, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतच धरली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ हे पोटगीचे प्रसिद्ध कलम. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पूर्वी या कलमाखाली महिन्याला पाचशे रुपयांहून अधिक पोटगी देता येत नसे. ती मर्यादा २००१ मध्ये उठली. परंतु वयाची अट तशीच राहिली. अठरा वर्षांनंतर या कलमाखाली बापाकडून पोटगी मिळते ती शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या अपत्याला. विवाहित मुलगी त्यातूनही वगळलेली आहे.

मग धडधाकट, पण अजून शिकत असलेल्या मुलीने काय करावे? तिच्यासाठी दुसरा कायदा आहे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, कलम २०. या कलमानुसार अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल, तर ती अठरा वर्षांनंतरही आईबापाकडून निर्वाह मागू शकते. निर्वाह या शब्दात तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही कायद्याने धरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात हा हक्क स्पष्टपणे मान्य केला. मात्र त्यासाठी कलम १२५ ऐवजी या १९५६ च्या कायद्याखाली दाद मागावी लागेल, असेही सांगितले.

येथे काही वाचक विचारतील, आम्ही तर बौद्ध, मग हिंदूंचा कायदा आम्हाला कसा? या नावाबद्दलचा आपला आक्षेप जुना आहे आणि तो रास्तही आहे. परंतु या कायद्याचे कलम २ बौद्धांना स्पष्टपणे लागू आहे, आणि जेथे 'हिंदू' हा शब्द आला तेथे बौद्धही धरावा असे त्यातच लिहिले आहे. धर्मांतर केलेल्याचा निर्वाहाचा हक्क जातो असे सांगणारे एक कलम या कायद्यात आहे. धम्मदीक्षा घेतलेल्याला ते लागत नाही. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचेच तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले. त्यांपैकी हा कायदा २१ डिसेंबर १९५६ चा, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर पंधरा दिवसांनी आलेला. नावापायी आपल्या मुलींनी त्यातला हक्क सोडू नये.

मुलाची स्थिती अधिक अवघड आहे. अठरा पूर्ण झालेल्या धडधाकट मुलाला कलम १४४ काही देत नाही आणि १९५६ चा कायदाही देत नाही. २०२१ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलगा पहिली पदवी पूर्ण करीपर्यंत बापाने खर्च द्यावा असे सांगितले. आजच्या काळात अठराव्या वर्षी शिक्षण पुरे होत नाही, हा त्यामागील विचार होता. वकिलाने तो निकाल न्यायालयापुढे जरूर ठेवावा. परंतु तो सरसकट नियम झाला आहे असे कोणी समजू नये.

'माझ्या बालपणाचा खर्च आता मला मिळेल काय?' असेही विचारले जाते. आईने त्या काळी अर्जच केला नसेल, तर वीस वर्षांमागचा हिशेब आज या कलमाखाली मागता येत नाही. अर्ज केला असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेले रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठामार्गे सर्वोच्च न्यायालयात गेले. एका मातेने स्वतःसाठी व तान्ह्या मुलासाठी मागितलेल्या पोटगीचे ते प्रकरण होते. ४ नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालाने देशभरासाठी दोन नियम घालून दिले. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी, आणि दोन्ही बाजूंनी आपली मिळकत व मालमत्ता शपथपत्रावर सांगावी. पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेही वसूल करता येतो, हेही त्यात सांगितले आहे. फौजदारी मार्गाने थकबाकीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आज ज्यांची लेकरे लहान आहेत त्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. लाजेखातर वाया घालविलेले प्रत्येक वर्ष लेकराच्या तोंडचा घास नेते.

पोटगी मिळाली नाही म्हणजे वारसाही गेला असे नव्हे. बाप मृत्युपत्र न करता वारला, तर पहिल्या घरची मुले व मुली त्याच्या वर्ग एकच्या वारस ठरतात. तो किती वर्षे दूर होता याने फरक पडत नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊ शकतो, पण वडिलोपार्जित शेतातला लेकरांचा हिस्सा त्याला देऊन टाकता येत नाही, आणि २००५ पासून मुलीही त्यात बरोबरीच्या वाटेकरी आहेत. ज्याची सात वर्षे काहीच खबर नाही, तो मृत झाला असे धरून चालण्याचीही कायद्यात तरतूद आहे. दिवाणी न्यायालयातून तसे ठरवून घेतल्यास सातबाऱ्यावरची अडलेली नोंद मोकळी होऊ शकते.

उलट बाजूही पाहावी. अविवाहित मुलगी मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या मिळकतीत आई आणि बाप सारखेच वारस येतात. म्हणजे ज्याने तिला कधी पाहिले नाही, त्यालाही अर्धा वाटा. मुलाचे तसे नाही. तेथे आई पहिल्या वर्गात आहे व बाप दुसऱ्या वर्गात. म्हणून आईच्या कष्टावर शिकून नोकरीला लागलेल्या प्रत्येक अविवाहित मुलीने मृत्युपत्र करून ठेवावे. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात.

वकिलाच्या फीची भीती कोणी बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, बालकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे करावा.

बाप मागायला येतो तेव्हा

आता उलटा प्रसंग घेऊ. कलम १४४ आईबापांनाही पोटगी मागू देते. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या पित्याने महिना पाचशे रुपयांची मागणी केली होती. तिची आई १९४८ मध्ये वारली होती आणि पित्याने दुसरे लग्न केले होते. विजया अर्बट विरुद्ध काशिराव सवाई या नावाने गाजलेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितले की, लग्न झाल्याने मुलगी ही मुलगी राहत नाही असे होत नाही, आणि तिच्यावरही आईबापांना पोसण्याची जबाबदारी आहे. मात्र न्यायालयाने दोन अटी घातल्या. पिता खरोखर निर्वाह करण्यास असमर्थ असला पाहिजे, आणि मुलीजवळ नवऱ्याच्या मिळकतीखेरीज स्वतःची पुरेशी मिळकत असली पाहिजे.

पुढे २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आला. त्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. बाप स्वतः जेथे राहतो तेथूनही तो अर्ज करू शकतो. नव्या फौजदारी संहितेनेही ती सोय केली आहे. म्हणजे मौद्याच्या मुलाला भिलाईची नोटीस येऊ शकते. अशी नोटीस रागाने फाडून टाकू नये, कारण जाणूनबुजून गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध एकतर्फी निर्णय होतो. हजर राहावे. आपली मिळकत, आपल्यावर अवलंबून असलेली आई, लेकरे यांचा पुरावा द्यावा. बापाची दुसरी मुले असतील, तर त्यांनाही प्रकरणात सामील करून घेण्याचा अर्ज करावा. तसा अधिकार कायद्याने दिला आहे.

परंतु वाचकहो, या २००७ च्या कायद्यात एक मोठी उणीव आहे. ज्याने आपले लेकरू टाकले, त्याला त्याच लेकराकडून मागण्याचा हक्क राहतो की नाही, याविषयी त्यात एक अक्षर नाही. अर्ज १९५६ च्या कायद्याखाली असेल तर निर्वाह द्यावा की नाही आणि किती द्यावा, हे ठरविण्याची मोकळीक कलम २३ ने न्यायालयाला दिली आहे. तेथे आपली कहाणी सांगायला निदान जागा आहे. सिंगापूरने १९९५ मध्ये आईबापांच्या निर्वाहाचा कायदा केला, तेव्हाच लिहून ठेवले की, आईबापाने मुलाला टाकले, छळले किंवा दुर्लक्षिले असेल तर न्यायाधिकरण मागणी फेटाळू शकते किंवा रक्कम कमी करू शकते. २०२३ मध्ये त्यांनी आणखी पुढे जाऊन अशा आईबापांनी अर्जापूर्वी परवानगी घ्यावी असा नियम केला. जर्मनीच्या दिवाणी संहितेतही, ज्याने स्वतःचे पोषणाचे कर्तव्य घोर रीतीने टाळले त्याचा दावा कमी होतो किंवा पूर्ण जातो. आपल्याकडे अशी तरतूद का नसावी?

धम्म काय सांगतो?

येथून नीतीचा प्रश्न सुरू होतो. आपल्या देशात आईबापांना देव मानण्याची परंपरा आहे. देवाला हिशेब विचारता येत नाही. म्हणूनच ही परंपरा सोडून जाणाऱ्या बापाच्या फार सोयीची आहे. तथागतांनी मात्र या नात्याचा विचार निराळ्या रीतीने केला.

राजगृहात सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी सांगितले की, पूर्व दिशा म्हणजे आईबाप. मग त्यांनी मुलांची पाच कर्तव्ये सांगितली आणि लगेच आईबापांचीही पाच सांगितली. मुलाला वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे लावणे, एखादी विद्या किंवा कसब शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा हाती देणे, ही ती पाच. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात या उपदेशाला स्थान दिले आहे. मुलाच्या पहिल्या कर्तव्याकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. मुलाने आईबापांना पोसावे, आणि का पोसावे, तर त्यांनी त्याला पोसले म्हणून. कर्तव्याबरोबर त्याचे कारणही सांगितले आहे. आईबापांना दोन खांद्यांवर घेऊन शंभर वर्षे वाहिले तरी त्यांचे उपकार फिटत नाहीत, असेही तथागतांनी अन्यत्र सांगितले. तेथेही आधार हाच आहे की, त्यांनी लेकराला वाढविले, भरविले आणि हे जग दाखविले.

मग ज्याने वाढविले नाही, भरविले नाही, त्याचे ऋण कोणते? केवळ जन्म दिल्याचे ऋण या उपदेशात सापडत नाही. ते ऋण आईचे आहे. आजीने वाढविले असेल तर आजीचे आहे. मामाने फी भरली असेल तर मामाचे आहे. हे बापाला लागू आहे तसेच लेकरे टाकून गेलेल्या आईलाही लागू आहे. तेव्हा अशा बापाविरुद्ध हक्कासाठी न्यायालयात जाणारी मुलगी कोणत्याही शीलाचा भंग करीत नाही. ती बापाला त्याच्याच कर्तव्याची आठवण देते.

येथे कोणी टोमणा मारील की, तुमच्या बुद्धानेही राहुलला टाकले होते. या टोमण्याला उत्तर दिलेच पाहिजे. बाबासाहेबांनी दाखविले आहे की, शाक्य आणि कोलीय यांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थाला परिव्रज्या पत्करावी लागली, आणि ती त्यांनी आईवडिलांची व यशोधरेची संमती घेऊन पत्करली. राहुल आजोबांच्या घरी वाढला. तो उपाशी राहिला नाही. पुढे तथागत कपिलवस्तूला परत आले. राहुलने वारसा मागितला, तेव्हा त्यांनी तोंड चुकविले नाही. आपल्याजवळ जे होते ते दिले, त्याला संघात घेतले. विनयपिटकात पुढची हकीगत आहे. नातू असा गेल्याने शुद्धोदनाला दुःख झाले आणि त्यांनी ते बोलून दाखविले. तथागतांनी ते ऐकून घेतले आणि यापुढे आईबापांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम केला. जाताना संमती घेणारा, परत येणारा, मुलाच्या मागणीला उत्तर देणारा पिता कोठे, आणि पैसा मागतील म्हणून पत्ता लपविणारा माणूस कोठे!

मग करावे काय?

म्हातारा, आजारी, भुकेला बाप दारात आला आहे. ऋण नाही हे तर ठरले. म्हणून त्याला हाकलून द्यावे काय?

माझे उत्तर नाही असे आहे. ऋण नसले तरी करुणा उरते. भुकेल्या माणसाला अन्न द्यावे यासाठी तो आपला बाप असण्याची गरज नाही, आणि तो आपला वाईट बाप असल्याने त्याची भूक खोटी ठरत नाही. ज्याने आपल्याला उपाशी ठेवले त्याला उपाशी ठेवून आपले बालपण भरून येत नाही. त्याच्याच कृतीची आपल्या हातून पुनरावृत्ती तेवढी होते. परंतु ही करुणा आहे, कर्जफेड नव्हे, हे देणाऱ्याने जाणले पाहिजे आणि घेणाऱ्यालाही शांतपणे सांगितले पाहिजे. 'तुम्ही मला पोसले नाही. तरीही मी तुम्हाला जेवू घालतो,' असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. ते सत्य आहे, आणि सत्य झाकून केलेल्या दानाने घरात नवे खोटे शिरते.

या करुणेला एक मर्यादाही आहे. ती आईच्या ताटातून देता येत नाही. जिने वीस वर्षे एकटीने ओझे वाहिले, तिच्या म्हातारपणाची तरतूद पहिली. मग आपल्या लेकरांचे शिक्षण. त्यानंतर जे उरेल त्यातून बापाला द्यावे. आणि त्याला घरात ठेवायचे की नाही, हे ठरविण्याचा पहिला अधिकार आईचा आहे. तिला न विचारता मुलाने मोठ्या मनाने बापाला आत घेणे हा उदारपणा नव्हे. दुसऱ्याच्या जखमेवर आपण दानशूर होणे सोपे असते. ती नको म्हणाली, तर बापाची सोय बाहेर करावी. पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी राज्य शासनाची श्रावणबाळ योजना आहे. तिचा अर्ज तहसील कार्यालयातून भरून द्यावा, दवाखान्यात न्यावे, औषध द्यावे. एवढे केले तरी माणुसकीचे कर्तव्य पार पडते.

ज्याच्याकडून हेही होत नसेल, ज्याच्या अंगावर अजून बापाच्या माराचे वळ आहेत, त्याला कोणी पितृद्रोही म्हणू नये. करुणा सक्तीने उगवत नाही. त्याने सूड घेऊ नये आणि द्वेष मनात पोसू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा करावी. म्हाताऱ्या माणसाला उपाशी न ठेवण्याचे काम शेवटी समाजाचे आणि शासनाचेही आहे. सगळा भार टाकलेल्या लेकरावरच टाकून समाजाने हात झटकू नयेत.

वाचकहो, आपल्या गावात अशी लेकरे आहेत. त्यांना उपदेश करण्याआधी त्यांच्याबरोबर तालुक्याच्या न्यायालयापर्यंत चला. विहाराच्या बैठकीत वर्षातून एक दिवस एखाद्या वकिलाला बोलावून पोटगी, वारसा आणि मृत्युपत्र यांची माहिती बायाबापड्यांना द्या. २००७ च्या कायद्यात टाकलेल्या लेकरांसाठी एक कलम असावे, अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी करा. आणि जो तरुण आज कामासाठी घर सोडून निघाला आहे, त्याला बसमध्ये बसण्यापूर्वी सांगा की, म्हातारपणी ज्या आधाराची तू अपेक्षा करशील, त्याची पेरणी तुझ्या पहिल्या मनिऑर्डरपासूनच सुरू होते.